लिफ्टला चौथ्यावर दम लागतो

चौथ्या मजल्यावर थांबायची आमच्या लिफ्टची सवय मी मंगळवारी दुपारी साडेतीन वाजता, एका पक्कडीने, कायमची मोडली. अर्ध्या मिनिटाचं काम. त्यातलेही वीस सेकंद मी नाक पुसण्यात घालवले. मशीन रूममध्ये धूळ फार.

तर हे आता विसरून जा. असं काही झालेलं नाही. लिफ्ट ठणठणीत बिघडलेली आहे, आज सोमवार आहे, आणि मी आमच्या दारात उभा राहून बूट पुसतोय.

बूट एकच, डावा. उजवा आत आहे आणि त्याची गरज नाही, कारण पुसणं हे निमित्त आहे, काम नव्हे. माणूस आपल्याच दारात नुसता उभा राहिला तर लोक काळजीने विचारतात, काय झालं? हातात बूट असला की विचारत नाहीत. हा शोध मला वडील गेल्यानंतरच्या दुसऱ्या महिन्यात लागला. त्याआधी वर्तमानपत्र धरून बघितलं होतं, पण ते चुकून वाचलं जायचं आणि लिफ्ट येऊन गेलेली कळायची नाही. बुटात वाचण्यासारखं काही नसतं. आकडा असतो, आठ. तो पाठ झालाय.

आमची इमारत आठ मजल्यांची, लिफ्ट एकच. ती वर जाताना चौथ्यावर थांबते आणि खाली येतानाही चौथ्यावर थांबते, कोणी बटण दाबलेलं असो वा नसो. दार उघडतं, नऊ सेकंद उघडं राहतं, बंद होतं, मग लिफ्ट पुढे जाते. कोणालाच नको असली की आपणहून चौथ्यावर येऊन उभी राहते, ठरलेल्या पायरीवर येऊन बसणाऱ्या मांजरासारखी. लिफ्टच्या अगदी समोर आमचं दार. चौदा वर्षं हे असंच चाललंय.

याचं कारण इमारतीत सगळ्यांना माहीत आहे. लिफ्ट जुनी, तिला चौथ्यावर दम लागतो. हे निदान माझ्या वडिलांचं. वडील लिफ्टचे मेकॅनिक होते, आमच्या लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीतच, तीस वर्षं. डॉक्टरने सांगितलेल्या आजाराला कोणी हरकत घेत नाही, तसंच ते. सहाव्यावर एक काका राहतात. त्यांना सगळे मागून क्विंटल म्हणतात आणि तोंडावर क्विंटलकाका. चौथ्यावर दार उघडलं की ते बाहेर उतरायचे, लिफ्टला दोन श्वास घेऊ द्यायचे, आणि दार बंद व्हायच्या आत पुन्हा चढायचे. "आपल्यामुळे मुक्या जीवाला त्रास नको."

लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, "काका, वर जाताना दम लागतो हे ठीक आहे. खाली जाताना कशाला लागेल?"

"उतरताना गुडघे दुखतात, बाळा," काका म्हणाले. "वय झाल्यावर कळेल."

आता मीही लिफ्टचा मेकॅनिक आहे. वडिलांच्याच कंपनीत, त्यांच्याच पक्कडीसकट. दर महिन्या-दोन महिन्यांनी इमारतीची तक्रार यायची आणि वडील मशीन रूममध्ये जाऊन कंपनीच्या वहीत लिहायचे: 'तपासले. दोष आढळला नाही.' ते गेल्यावर तक्रार माझ्याकडे यायला लागली. मीही गच्चीवर जातो, मशीन रूम उघडतो, थर्मासमधला चहा पितो, वहीत 'तपासले. दोष आढळला नाही' लिहितो आणि खाली येतो. पॅनेल उघडत नाही. शोधलंच नाही तर आढळणार कुठून? वहीत एका अक्षराचंही खोटं नाही. 'तपासले' सोडलं तर.

पॅनेल का उघडत नाही, तेही सांगून टाकतो. उघडलं तर बिघाड सापडेल आणि सापडला तर काढावा लागेल. मी दिवसभर लिफ्टच्या बोगद्यात काम करतो. तिथे पलीकडून माणसं बोलत जातात आणि मला फक्त त्यांच्या चपला ऐकू येतात. घरी येतो तेव्हा घरी मी असतो. मला जी माणसं चेहऱ्यासकट दिसतात, ती या दारातून, नऊ-नऊ सेकंदांच्या हप्त्याने. ही सोय बंद झाली तर मग मी आहे आणि डावा बूट आहे.

ही सोय मुळात माझी नव्हे, आईची.

मी अकरा वर्षांचा असताना आईच्या पाठीचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर तिच्या पायांनी तिचं ऐकणं सोडलं. "तुझ्यावर गेलेत," ती मला म्हणायची. त्याआधी ती पोस्टाच्या खिडकीवर बसायची, दिवसाला तीनशे माणसं. तिकीट देताना तिला माणसाच्या घरचं सगळं कळायचं, आणि पुढच्या माणसाला ते तिकिटाबरोबर मिळायचं. अशी बाई एकदम आतल्या खोलीत, भिंतीसमोर. पहिल्या महिन्यात ती भिंतीला नावं ठेवायची. दुसऱ्या महिन्यात भिंतीशीही बोलेनाशी झाली. तिसऱ्या महिन्यात माझ्याशी हो-नाहीवर आली, आणि त्यातलं हो कमी होत चाललं होतं.

त्याच महिन्यात लिफ्टला दम लागायला लागला. आणि त्याच आठवड्यात वडिलांनी तिची खुर्ची दाराशी आणून ठेवली. "तेवढाच वारा," म्हणाले.

दोन आणि दोन चार करायला मी तेव्हा शाळेत शिकत होतो, पण ते शाळेपुरतं.

लिफ्टचं दार उघडायचं. समोर खुर्चीत आई, मांडीवर विणकाम नाहीतर मटाराच्या शेंगा. आत कोणीतरी अडकलेलं. नऊ सेकंद माणूस कुठे बघणार? समोरच बघणार.

"काय काकू, काय चाललंय?"

"वाट बघतेय."

"कोणाची?"

दार बंद. उत्तर संध्याकाळच्या खेपेला मिळायचं. "तुझीच रे बाबा. दुसरं कोण येतंय?"

हळूहळू लोक तयारीने यायला लागले. खालीच वाक्य जुळवून ठेवायचं, चौथ्यावर टाकायचं. त्याला इमारतीत 'चौथ्याचा टोल' म्हणायचे. शेजाऱ्यांच्या नऊ-नऊ सेकंदांवर आईने आख्खा संसार उभा केला. पाचव्यावर एक चिमणीएवढी मुलगी होती, तिचं नावच चिमणी पडलं होतं. तिला पाढे येत नव्हते म्हणून आईने एका खेपेला एक ओळ या हिशेबाने ते शिकवले. सतराचा पाढा आठवडाभर चालला, कारण मध्ये ती मामाकडे गेली आणि सतरा साते आमच्या दाराशी तसंच लटकत राहिलं. तीन दिवसांनी दार उघडलं तशी आत बघून आई म्हणाली, "हं, साते?" आत भलतेच पाहुणे होते. त्यातल्या एकाने घाबरून "एकशे एकोणीस" सांगितलं.

सातव्यावर शिंपीमामा. त्यांचं आणि आईचं एक भांडण अकरा दिवस चाललं.

"मामा, पडदा चार बोटं आखूड झालाय."

दार बंद. दुसऱ्या दिवशी:

"पडदा बरोबर आहे. तुमची खिडकी लांब आहे."

दार बंद. तिसऱ्या दिवशी:

"खिडकी आधीपासून तेवढीच आहे."

"हेच मी पण पडद्याबद्दल म्हणतोय."

आई इतकी हसली की विणकामाचे टाके सुटले. पडदा अजून आखूड आहे. खालच्या चार बोटांतून सकाळी उन्हाची पट्टी थेट माझ्या डोळ्यांवर येते आणि मी घड्याळाशिवाय उठतो. शिंपीमामांनी नीट काम केलं असतं तर माझी नोकरी गेली असती.

आणि आठव्यावर टाइमकीपर. एका कारखान्यात त्यांनी पस्तीस वर्षं लोक किती वाजता आले आणि किती वाजता गेले एवढंच पाहिलं. आता आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. ते कोणाशी बोलत नसत. लिफ्टमध्ये कोपऱ्यात, छत्री मिटून उभी करावी तसे उभे. आईने त्यांना पहिल्या दिवसापासून एकच प्रश्न विचारला.

"साहेब, किती वाजले?"

"चार बारा."

दार बंद. दहा वर्षं. आईच्या डोक्यावर भिंतीला भलंमोठं घड्याळ होतं, आणि लिफ्टमधून ते स्पष्ट दिसायचं. मी एकदा तिला म्हटलं, मान वळव की, घड्याळ मागेच आहे. ती म्हणाली, "घड्याळाला सगळ्यांना वेळ सांगायची असते. त्यांना कोणालाच नसते."

आई चार वर्षांपूर्वी गेली. मग खुर्चीत वडील बसायला लागले. वडील बोलणारे नव्हते. ते मान हलवायचे, आतला माणूस मान हलवायचा, नऊ सेकंद दोघं माना हलवायचे. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, काहीतरी गंभीर ठरतंय. गेल्या वर्षी तेही गेले. खुर्चीत बसायचा धीर मला झाला नाही. म्हणून मी उभा, आणि म्हणून बूट.

माझ्या वाट्याला आलेली माणसं खाली बघणारी आहेत. हातात फोन. नऊ सेकंदांतले सहा मान वर करण्यात जातात, दोन मी कोण हे आठवण्यात, आणि उरलेल्या एकात दार बंद होतं. जुन्यांपैकी चिमणी आता इंजिनिअरिंगला आहे आणि सदा घाईत. क्विंटलकाका अजून उतरतात आणि चढतात. पण मी अगदीच रिकाम्या हाताने आहे असं नाही. आठव्यावर एक दीड वर्षाचं बाळ आलंय, आईच्या कडेवर. दार उघडलं की ते पाय वर करून मला त्याचा बूट दाखवतं. आमचा बूटवाल्यांचा काहीतरी संघ आहे अशी त्याची समजूत. मीही माझा दाखवतो. त्याची आई फोनमधून मान काढत नाही, त्यामुळे आमच्या बैठकी अजून गुप्त आहेत. परवा त्याच्या एका पायात बूट नव्हता. मोजाच दाखवला. अशा दिवशी मला संध्याकाळी काही लागत नाही.

तर इतकं सगळं ठीक चाललं होतं.

तीन आठवड्यांपूर्वी, शनिवारी सकाळी, शिंपीमामांच्या छातीत कळ आली. स्ट्रेचर आमच्या लिफ्टमध्ये मावत नाही, म्हणून त्यांना खुर्चीवर बसवून दोन माणसं आणि मामी त्यांना खाली आणत होत्या. लिफ्ट चौथ्यावर थांबली. दार उघडलं. समोर मी.

एकजण दार बंद करायचं बटण दाबत होता. ते बटण मी शाळेत असल्यापासून शोभेचं आहे. मामींनी मामांचा हात धरला होता आणि त्या ओठ हलवत होत्या. मामांचा चेहरा भिजलेल्या कागदासारखा झाला होता. नऊ सेकंद किती मोठे असतात हे मला चौदा वर्षांत कळलं नव्हतं, ते त्या वेळी कळलं. त्यात माणूस राहायला येऊन, कंटाळून, घर बदलू शकतो.

मामांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, बुटाकडे बघितलं.

"काय रे," म्हणाले, "दुसरा कुठंय?"

दार बंद झालं.

मामा वाचले. पण सोमवारी टाइमकीपर दारात आले. लिफ्टने नाही, जिन्याने, म्हणजे ते रागावले होते. हातात कागद.

"दिवसाला सरासरी दोनशे थांबे," त्यांनी वाचलं. "प्रत्येकी नऊ सेकंद. वर्षाला इमारतीचे साडेसात दिवस वाया जातात."

"आणि चौदा वर्षांत?" मी विचारलं.

"साडेतीन महिने."

"त्या साडेतीन महिन्यांत आपण काय केलं असतं, साहेब?"

त्यांनी थोडा विचार केला. "वेळेवर पोहोचलो असतो."

"कुठे?"

"ते ज्याचं त्याने बघायचं." त्यांनी कागदाची घडी घातली. मग आवाज उतरवून म्हणाले, "हिशेब सोड. शनिवारी त्या माणसाला नऊ सेकंद कमी पडले असते तर?"

मला प्रत्येक गोष्टीवर काहीतरी सुचतं. शाळेत याच कारणासाठी मी निम्मी वर्षं वर्गाबाहेर काढली. पण या वेळी मी बूट खाली ठेवला.

दवाखान्यातून मामा घरी आले तेव्हा मी सातव्यावर गेलो. ते पलंगावर उशीला टेकून बसले होते आणि मामी त्यांना बिनमिठाचं काहीतरी भरवत होत्या.

"मामा, लिफ्ट दुरुस्त करू का?"

"हे बघ, मला विचारशील तर..."

"तुम्हाला कोणी विचारत नाहीये," मामी म्हणाल्या. चमचा वाटीत ठेवून माझ्याकडे वळल्या. "कर बाबा. त्या दिवशी मी आकडे मोजत होते. आठला मला वाटलं, गेले हे."

मामा पडेल आवाजात म्हणाले, "नववा बाकी होता ना पण."

"गप्प बसा आणि खा."

मी जिन्याने खाली आलो. तीन मजले उतरायला मला बराच वेळ लागला. उतरताना गुडघे दुखतात हे खरं आहे.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. सुरुवातीला मी जे विसरायला सांगितलं होतं, ते आता आठवायला हरकत नाही.

मशीन रूम गच्चीवर, बसक्या दाराची, आत वाकूनच जावं लागतं. मी या वेळी थर्मास नेला नाही. पॅनेलचे चार स्क्रू काढले. झाकण उघडलं, आणि आत माझे वडील होते.

म्हणजे त्यांची कामाची पद्धत. वायरी सरळ, कोपऱ्यात काटकोनात वळलेल्या, प्रत्येकीला पांढऱ्या पट्टीचं लेबल, त्यावर त्यांचं बारीक, डावीकडे झुकलेलं अक्षर. 'दार'. 'दिवा'. 'पंखा'. 'दुसरा मजला'. त्यांचा नियम होता: लेबल नसलेली वायर म्हणजे अनोळखी माणूस, घरात घ्यायची नाही. चौथ्या मजल्याच्या बटणाची वायर जिथे लावलेली होती, तिथेच एक वीतभर पिवळी वायर आणखी जोडलेली होती. कंपनीची नव्हे. कंपनी पिवळी वायर वापरत नाही. तिचं काम माझ्या ताबडतोब लक्षात आलं. ती वायर आहे तोवर लिफ्टला कायम वाटत राहणार, की चौथ्या मजल्यावर कोणीतरी बटण दाबून उभं आहे.

तिलाही लेबल होतं. 'हिच्यासाठी'.

वडील आईला नावाने हाक मारत नसत. ते तिला 'ही' म्हणायचे. ही झोपली का, ही जेवली का. मला ते फार कोरडं वाटायचं.

मी तिथेच खाली बसलो आणि कंपनीची वही उघडली. चौदा वर्षांची वही, तीन भागांत, दोऱ्याने एकत्र बांधलेली. एकाखाली एक, पानोपान: 'तपासले. दोष आढळला नाही.' दर वेळी हा माणूस वर यायचा, ही पिवळी वायर घट्ट आहे ना बघायचा, आणि लिहायचा. म्हणजे त्यांचं 'तपासले' खरं होतं. माझंच खोटं होतं. आई गेली त्या आठवड्यात कोणी तक्रार केलेली नव्हती, तरी एक नोंद होती. 'लिफ्ट चौथ्यावर थांबली. दार उघडले. दार बंद झाले.' बस. पुढच्या महिन्यापासून पुन्हा 'दोष आढळला नाही'.

पूर्वी मला वाटायचं, आईला माणसं मिळाली ती लिफ्टच्या आजारपणाच्या कृपेने. चालायचंच, गंमत म्हणून मिळालेली गोष्ट. आता कळलं की रोज दोनशे वेळा आमच्या दारात जे येत होतं, ते वडीलच पाठवत होते. बोलता येत नव्हतं त्यांना, म्हणून आख्खी इमारत बोलायला पाठवली. आणि ती गेल्यावर ती वायर काढायची सोडून ते स्वतः तिच्या खुर्चीत येऊन बसले, स्वतःच पाठवलेली माणसं बघत.

मग मी नाक पुसलं. धुळीचं आधीच सांगितलंय. मामींचा आठवा आकडा आठवला आणि वायर कापली. लेबलसकट खिशात घातली. वहीत लिहिलं: 'तपासले. दोष आढळला नाही. दुरुस्त केले.' तिन्ही वाक्यं एकमेकांशी जुळत नाहीत, पण तिन्ही खरी आहेत.

बुधवारी मी सवयीने दारात उभा राहिलो. लिफ्टच्या दाराला मधोमध बोटभर रुंदीची काच आहे. तिच्यातून उजेडाची एक पट्टी खालून आली आणि वर गेली. थोड्या वेळाने वरून आली आणि खाली गेली. लिफ्ट आता दमत नाही. काम नसलं की तळमजल्यावर जाऊन उभी राहते, इतर कुठल्याही लिफ्टसारखी. संध्याकाळी सहाच्या सुमाराला पट्टी वर जाताना आतून 'धप्प' असा आवाज आला. मागाहून कळलं, क्विंटलकाका सवयीने उतरायला निघाले आणि दार उघडलं नाही. नाकाला लागलं. पण ते मला रागावले नाहीत. "बरी झाली ना बिचारी," एवढंच म्हणाले, कापसाआडून.

उजेडाची पट्टी जाताना मी एकदा बूट वर करून दाखवला. आत बाळ होतं की नव्हतं, कळायला मार्ग नाही.

शुक्रवारी दुपारी लिफ्ट थांबली.

मी चमकलो. वायर माझ्या खिशात होती. दार उघडलं आणि आतून टाइमकीपर बाहेर आले. त्यांनी चक्क चौथ्याचं बटण दाबलं होतं. हातात काम पूर्ण झाल्याचा फॉर्म.

"इथे सही."

मी फॉर्म घेतला. पेन आणायला आत गेलो. परत आलो तर ते उंबऱ्यापाशीच उभे होते, खुर्चीकडे बघत. लिफ्ट त्यांच्या मागे निघून गेली होती. त्यांनी ती अडवून धरली नव्हती. मला काय सुचलं कोण जाणे, सही करता करता मी म्हटलं,

"साहेब, किती वाजले?"

त्यांनी मनगटाकडे पाहिलं नाही.

"चार बारा," म्हणाले.

आणि मग दार बंद झालं नाही. दोघंही तेवढे नऊ सेकंद थांबलो, सवयीने. ते संपले. पुढचे नऊ सुरू झाले. इतक्या वर्षांत त्याच्यापुढे काय बोलायचं असतं याचा सराव आमच्यापैकी कोणालाच नव्हता.

"घड्याळ होतं ना त्यांच्या मागे," ते शेवटी म्हणाले.

"होतं."

"मला दिसायचं. दोन मिनिटं पुढे होतं. मी त्यांना बरोबरची वेळ सांगायचो."

"तिला माहीत होतं."

"मग?"

मी आईचं ते वाक्य त्यांना सांगितलं नाही. लेबल खिशात चाचपत म्हटलं, "तिचा घड्याळावर भरवसा नव्हता."

ते हूं म्हणाले. फॉर्मची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. "लिफ्ट पुन्हा थांबवता येईल का रे? तांत्रिकदृष्ट्या विचारतोय."

"येईल. वीतभर वायर लागते."

"शक्य नाही," ते म्हणाले. "त्या शिंप्याचा प्रसंग आहे. समितीत मीच ठराव मांडलाय." मग जिन्याकडे वळले आणि तिसऱ्या पायरीवरून, मागे न वळता म्हणाले, "पण अर्ज कर. अर्ज आल्याशिवाय कुठल्याही गोष्टीचा विचार होत नाही."

"आणि आल्यावर?"

"आल्यावर तर नाहीच. पण फाइलला लागतो."

ते आठव्यापर्यंत चालत गेले. त्यांची पावलं मला बराच वेळ ऐकू येत होती. मग मी खुर्चीत बसलो, पहिल्यांदाच, आणि बुटावर कागद ठेवून लिहायला घेतलं.

मा. सेक्रेटरी यांस,

विषय: चौथ्या मजल्यावर लिफ्ट विनाकारण थांबवण्यास परवानगी मिळणेबाबत.

महोदय, वरील विषयास अनुसरून कळवण्यात येते की, सदर लिफ्टची प्रकृती आता उत्तम असून तिला कोठेही दम लागत नाही. रुग्ण व घाईतील व्यक्ती यांची गैरसोय होऊ नये याची अर्जदारास पूर्ण जाणीव आहे. तरी आठवड्यातून एकदा, सर्वांच्या सोयीने निवडलेल्या वारी, दुपारी चार वाजून बारा मिनिटांनी, लिफ्ट चौथ्या मजल्यावर नऊ सेकंद थांबवण्यात यावी. तसेच दार उघडल्यावर समोरील खुर्चीत संबंधित व्यक्ती पूर्वीप्रमाणे उपस्थित राहील, तिच्या मांडीवर मटार असतील, आणि खुर्चीच्या मागे तिचे यजमान न बोलता उभे असतील, अशी व्यवस्था आपल्या स्तरावरून तातडीने करण्यात यावी, ही नम्र विनंती.

सोबत: पिवळी वायर, एक वीत, लेबलसह. काम झाल्यावर परत मिळावी.